उघाडीची भाषा आणि राहिलेलं उत्तर

सुजाता,

तू गेलीस त्याला दोन महिने झाले. माणसं भेटायला आली, रडली, चहा घेऊन गेली. आत्या रडली नाही, असं तुझी आई दहा जणींना सांगत होती. सांगू दे. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि रडत रडत बोललेलं कुणाला धड कळत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तुझी मैत्रीण मेधा बेलापूरहून आली. तुझ्याबरोबर काम करणारी, चष्म्याची, बारीक आवाजाची. ओटीवर बसून तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "काकू, सुजाताने उघाडीसाठी दोन पार्सर करून ठेवलेत. एक यंत्राकडून बनवून घेतलेला. तो पूर्ण आहे. दुसरा तिने हाताने लिहिलाय. तो अर्धा आहे. उघाडीवर कुठला बसवू?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी चौथी शिकलेली बाई."

"उघाडीची कमिटी म्हणाली, आत्याला विचारा. तिनेच खोडा घातला होता."

खरं बोलली कमिटी. खोडा मीच घातला होता. पहिला चांगला चालत असताना तू दुसरा लिहायला घेतलास तो माझ्या एका बोलण्यामुळे, आणि तो अर्धा राहिला तोही माझ्यामुळेच. पहिली गोष्ट तुला माहीत होती. दुसरी माहीत होण्याआधी तू गेलीस.

आपल्या खारेपाटात उघाडीची किंमत कुणाला सांगावी लागत नाही, पण हे कुणी बाहेरचं वाचेल म्हणून सांगते. आपली भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा बांध. बांधात एक दार, ती उघाडी. भरती लागली की दाराची फळी पाडायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की फळी उचलायची, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. दिवसातून दोनदा पाडा, दोनदा उचला. आमच्या ह्यांनी तीस वर्षं फळीची साखळी ओढली. ते गेल्यावर सात-आठ वर्षं मी ओढली. मग कमिटीतला दिगंबर ओढायला लागला, तर त्याचा गुडघा गेला.

तेव्हा तू आलीस, मोटार आणि पेटी घेऊन. वर सूर्यावर चालणारी काच, पाण्यात तरंगणारा डबा, आणि फोनवरून लिहायचं की पेटी ऐकणार. मी म्हटलं, "एकदाच काय ते सांगून ठेव तिला. भरतीला पाड, ओहोटीला उचल. भाषा कशाला हवी?"

तू म्हणालीस, "भात कापल्यावर काय? कुणाला तळ्यात जिताडा मासा सोडायचा म्हणून खारं पाणी हवं, कुणाला वाल लावायचा म्हणून नको. दर वेळी मी पनवेलहून धावत येऊ काय गो? तुमचं तुम्ही लिहा. आपण बोलतो तसंच लिहा. मी पेटीला ते वाचायला शिकवते."

तुझं हे बोलणं मला आवडलं होतं. मी ते तुला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "बघू."

मग तू मला समजावून सांगितलंस. मी वाल सोलत होते आणि तू माझ्यासमोर मांडी घालून बसली होतीस. लिहिलेल्या ओळीतले शब्द आधी सुटे करायचे, मग ते कसे जोडलेत ते ओळखायचं, मग पेटीला कळतं की काय करायचं आहे. हे ओळखणारा जो असतो तो पार्सर.

"वाचणारा म्हण ना मग," मी म्हटलं.

"बरं, वाचणारा. तो दोन तऱ्हांनी करता येतो. एक, मी फक्त भाषेचे नियम लिहून द्यायचे, आणि त्या नियमांवरून वाचणारा यंत्रच बनवून देतं. त्या यंत्राला पार्सर जनरेटर म्हणतात."

जनरेटर म्हटल्यावर मला गणपतीतला डिझेलचा धूर आठवला. मी तो कुठे ठेवणार म्हणून विचारलं, तर तू हसून हसून वालाचं सूप उलटं केलंस.

"दुसरी तऱ्हा म्हणजे मी स्वतः बसायचं. हा शब्द आला तर पुढे काय येऊ शकतं, ते नाही आलं तर काय करायचं, एकेक पायरी हाताने लिहायची."

"लवकर कुठलं होतं?"

"पहिलं. चार दिवसात. दुसऱ्याला महिने लागतील."

"मग दुसरं करतात कशाला लोक?"

"हौस," तू म्हणालीस. तेव्हा तुलाही तसंच वाटत होतं.

चार दिवस म्हणालीस, सहा लागले. नियमांचा एक कागद तू माझ्या भिंतीला चिकटवलास. एका पानात अख्खी भाषा. मला त्यातलं सगळं कळलं नाही, पण अर्धं कळलं, आणि ते मला भारी वाटलं. वर 'कधी', खाली 'काय', त्याखाली 'कधी' म्हणजे भरती, ओहोटी, पाऊस, तिथी. तू म्हणालीस, "यात मजा काय हाय माहिती हाय? दोन नियम एकमेकांच्या अंगावर आले तर जनरेटर आधीच ओरडतो. हाताने लिहिताना कोण ओरडणार?"

"मी ओरडेन," मी म्हटलं.

ते मी केलंच.

देवळात कमिटी बसली होती. पेटी दाखवायचा दिवस. तू म्हणालीस, पहिली ओळ आत्या लिहील, चाळीसेक वर्षं उघाडी तिच्याच घरात होती. मला फोन दिलास. मी लिहिलं, "भरती लागली." आणि पूर्णविराम दिला.

पेटी म्हणाली, "ओळ एक. चूक. अनपेक्षित शेवट."

मी पुन्हा लिहिलं. "पुनवेची भरती लागली." पुन्हा चूक. अनपेक्षित शेवट. तिसऱ्यांदा मी लिहिलं, "भरती लागली रे." तेव्हा तिने ओळीतला 'रे' अनपेक्षित आहे असं सांगितलं.

दिगंबर मोठ्याने हसला. "आत्याचा शेवट अनपेक्षित हाय म्हणतंय यंत्र!" सगळं देऊळ हसलं. तूही हसलीस, सुजाता. ओठ दाबून, पण हसलीस.

मी काय चुकले होते ते आता मला माहीत आहे. आपल्याकडे कुणी बांधावरून "भरती लागली" म्हणून हाक मारली की ज्याच्या हातात जे काम असेल ते टाकून तो फळीकडे पळतो. फळी पाड, असं कुणी कुणाला सांगत नाही. जन्मात कधी सांगितलेलं नाही. म्हणून मी लिहिलं नाही. त्या दिवशी माझ्यानंतर दिगंबरने लिहिलं, त्यानेही तेच केलं. त्याच्यानंतर दोघांनी. चौघांच्या चौघांनी फक्त भरती सांगितली, काम सांगितलंच नाही. आणि पेटी चौघांना एकच सांगत राहिली, अनपेक्षित शेवट, अनपेक्षित शेवट.

घरी येऊन मी तुला जे बोलले ते तुला पाठ होतं, कारण तू ते मला नंतर कितीदा ऐकवलंस. मी म्हटलं, "तुझं यंत्र चूक म्हणतं, पण कुठे आणि का ते सांगत नाही. असाच मास्तर होता आमचा. पाटी बघायचा, चूक म्हणायचा, हातावर छडी मारायचा. काय चुकलं ते कधी सांगितलं नाही. त्याच्यामुळे मी चौथीतून शाळा सोडली. मला या वयात दुसरा मास्तर नको."

तू उठलीस. भिंतीवरचा कागद काढलास, घडी केलीस, पर्समध्ये ठेवलास. दुसऱ्या दिवशी उघाडीवरून पेटी उतरवून घेऊन गेलीस. मोटार तिथेच राहिली, गंज खात.

आठ दिवसांनी तुझा फोन. "आत्या, जनरेटर टाकून दिला. हाताने लिहिते."

मला तेव्हा थांबवायला हवं होतं. मला बरं वाटलं. माझ्या शब्दाला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. ना भावाने, ना गावाने. म्हणून मी गप्प बसले.

आपलं भांडण मात्र चालूच राहिलं. तू मधूनमधून स्वतःच्या विरुद्ध वकिली करायचीस. थकलेली असलीस की म्हणायचीस, "जेसीबीने बांध घातला तर तू काय चूक म्हणशील का? चार दिवसांचं काम अर्ध्या दिवसात. तसाच जनरेटर."

मी म्हटलं, "बांध घालू दे जेसीबीला. पण खेकड्याचं बीळ शोधायला जेसीबी येतो काय? बांध फुटतो तो बिळातून. तिथे वाकून हातच घालावा लागतो."

"मग मी दोन वर्षं बिळातच हात घालून बसलेय म्हण."

"चावलं काय?"

"रोज चावतं," तू म्हणालीस.

ते चावणं काय असतं ते मला मेधाने आल्यावर सांगितलं. हाताने लिहिलेल्यात नियम एका पानावर नसतात. इथे थोडे, तिथे थोडे. एक शब्द वाढवायचा तर दहा ठिकाणी हात लावावा लागतो. आणि दोन नियम भांडायला लागले तर कुणी ओरडत नाही. आपल्याला कळतं ते सगळं झाल्यावर. तू हे सगळं जाणून होतीस. नोकरी करून, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, तू ते केलंस. तिकडे कमिटीतले म्हणत होते, पोरगी हौस करतेय, आपली फळी आपल्यालाच ओढायची आहे. दिगंबर लंगडत लंगडत ओढत होता. मी ऐकत होते, आणि तेव्हाही गप्प होते.

आता मास्तरांचं खरं सांगते. ते तू असताना सांगितलं नाही.

मास्तर वाईट नव्हते. पेणकडचे होते, आम्ही चौघी पोरी शाळेत जात होतो म्हणून त्यांना कौतुक होतं. ते पाटीवर चुकीच्या जागेवर गोल करायचे आणि शेजारी नीट लिहून दाखवायचे. मला छडी एकदा बसली, तीही भांडणाबद्दल. शाळा मी त्यांच्यामुळे सोडली नाही. तुझा बाप जन्मला, आई शेतावर जायची, आणि त्याला सांभाळायला कुणी हवं होतं. मास्तर दोनदा घरी आले होते मला परत न्यायला. दुसऱ्यांदा आले तेव्हा तुझा बाप माझ्या कडेवर होता.

त्या देवळातल्या हसण्याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता. मेलेल्या मास्तरांवर काढला. तुझ्या बापाचं नाव तुझ्यासमोर घेणार नव्हते. तो गेला तेव्हा तू किती दिवस जेवली नव्हतीस ते मी पाहिलं आहे. पण मला हे माहीत नव्हतं की तू माझ्या त्या एका खोट्यावर दोन वर्षं घर बांधत बसशील. मेधा म्हणाली, तू कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतंस: आत्याच्या मास्तरांसारखं व्हायचं नाही.

त्यांच्यासारखं झालं असतं तर चाललं असतं गं. ते जागेवर गोल करायचे.

दोन वर्षं तुझे फोन यायचे. भात शिजत असताना, नाहीतर मी अंगणात सुकट निवडत असताना. आधी इकडचं तिकडचं, मग हळूच, "आत्या, एखाद्याने नुसतं 'भरती लागली' असं लिहिलं, तर तू त्याला काय सांगशील?"

"सांगेन, मला माहीत हाय भरती लागली. तू काय करणार ते बोल."

"आणि नुसतं 'फळी पाड' लिहिलं तर?"

"कधी? आत्ता? भर ओहोटीत? पाणी कुठून जाणार, तुझ्या डोक्यावरून?"

तू हसायचीस आणि मला पेनाचा आवाज यायचा. मला वाटायचं, एकटी राहते, करमत नसेल, म्हणून विचारते. कधी मी चांगली बोलायचे, कधी वैतागायचे. एकदा तू विचारलंस की तिथी आणि घड्याळ दोन्ही लिहिलं आणि ते जुळलं नाही तर काय म्हणशील. मी म्हटलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे ज्याला येत नाही त्याला घड्याळ तरी कशाला हवं. तुझं पेन तेव्हा बराच वेळ चाललं.

शेवटचा फोन वैशाखातला. दुपार होती. मी वाल फडक्यावर पसरून बसले होते. तू म्हणालीस, "आत्या, एक राहिलंय. तेवढं सांग, मग झालंच. एखाद्याने भरतीचंही लिहिलं आणि पावसाचंही लिहिलं. भरती लागली तर फळी पाड, पाऊस जोरात असेल तर फळी उचल. पण दोन्ही एकाच वेळी आलं तर काय, ते लिहिलंच नाही. त्याला काय सांगू?"

मी म्हटलं, "हे ज्याला कळत नाही त्याने उघाडीला हात लावू नये."

"हेच लिहू?"

"लिही नाहीतर नको लिहू. रोज काय लावलंयस? ठेव फोन. ऊन उतरायच्या आत वाल उलटायचेत मला."

तू म्हणालीस, "बरं, उद्या विचारते." दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. मी वाजू दिला, उचलला नाही. चौथ्या दिवशी तुझ्या शेजारणीचा फोन आला की तू खोलीत पडलीस आणि डोक्यात रक्तस्राव झालाय.

वालाचं निमित्त होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. आमच्या ह्यांनी एकदा तिथेच चूक केली होती. तू तेव्हा लहान होतीस. पाऊस चार दिवस थांबत नव्हता, शेतात पाणी कमरेला, लोक अंगणात येऊन ओरडत होते, फळी उचला, रोपं कुजतायत. भरती लागलेली होती. ह्यांनी मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, उचला, लोक काय शिव्या घालतायत ते ऐका. त्यांनी उचलली. खाडी आत आली. त्या पट्ट्यात तीन वर्षं भात झालं नाही. गावाने ह्यांना बोल लावला आणि त्यांनी तो घेतला. मी उचला म्हटलं होतं, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

म्हणून तुझा फोन ठेवला. तू विचारलं होतंस ते मला पुन्हा उच्चारायचं नव्हतं, तेही वहीत लिहून घेणाऱ्या पोरीसमोर.

मेधाला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला विचारलं, "हाताने लिहिलेलं तू पुरं करशील?"

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "खरं सांगू, काकू? मी ते सगळं वाचलंय. सुंदर लिहिलंय. पण हात लावायची भीती वाटते. एक गोष्ट हलवली की तिसरीच पडते. तिच्या डोक्यात ते सगळं एकत्र होतं, माझ्या डोक्यात नाही. सहा महिने द्या, कदाचित जमेल. आणि ते पहिलं, जनरेटरचं, त्यात पानभर नियम आहेत. ते मी आज बदलू शकते. मी नसले तर दुसरा कुणी बदलू शकेल."

"आषाढी अवसेचं उधाण किती दिवसांवर हाय?"

तिने फोन काढला. मी म्हटलं, "राहू दे. मला माहीत हाय. नऊ दिवस."

सुजाता, मी तिला सांगितलं की यंत्राचा बसव. तू दोन वर्षं माझ्याखातर जे लिहिलंस ते मी पाच मिनिटांत बाजूला ठेवलं. तुला राग आला असता का ते मला ठरवता येत नाही. तूच म्हणायचीस की जे दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही ते गावाला देऊ नये. पण ते तू जनरेटरच्या बाजूने भांडताना म्हणायचीस, आणि नंतर जाऊन हाताने लिहायचीस. तुझं खरं मत कुठलं ते मी कधी विचारलं नाही. मला माझंच मत सांगायची घाई असायची.

मेधाने पेटी बसवली. मी तिच्याशेजारी बसून कमिटीकडून ओळी लिहून घेतल्या. पहिलीच ओळ दिगंबरच्या सुनेने लिहिली. भरती लागली, पूर्णविराम. पेटी म्हणाली, अनपेक्षित शेवट. सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "भरती लागली हे तिला डब्यावरून कळतंय. तू काय करायचं ते सांग." तिने लिहिलं, पेटीने घेतलं. एवढंच काम आहे गं ते. तू दोन वर्षं जे यंत्राला शिकवत होतीस ते मी तिथे बसून तोंडाने केलं. त्या देवळातल्या दिवशी मी रागावण्याऐवजी हेच करायला हवं होतं. दिगंबरला म्हणायला हवं होतं, हसतोस काय, तूही काम लिहायला विसरलास. पेटी तशीच राहिली असती, तू रात्री वेळेवर झोपली असतीस. तुझ्या डोक्यातल्या त्या रक्ताचा आणि जागरणांचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर म्हणाले म्हणून मी मानते. रोज सकाळी नव्याने मानावं लागतं.

अवसेला सकाळी आठच्या सुमारास उधाण चढायला लागलं. पाऊस होता. मी बांधावर छत्री घेऊन उभी होते, कमिटीतले चौघे होते. पाणी डब्याला लागलं, मोटार कुरकुरली आणि फळी खाली आली. कुणी साखळीला हात लावला नाही. दिगंबर म्हणाला, "पोरीने काम केलं हो." मी शेताकडे बघत होते. शेतात पावसाचं पाणी चढत होतं आणि फळी खालीच राहिली, कारण भरतीची ओळ मी आधी लिहायला लावली होती. त्या पेटीत आधी लिहिलेलं आधी चालतं. चार तासांनी ओहोटी लागली तशी ती आपोआप वर गेली.

मेधा जायच्या आधी मी तिला म्हटलं, "ते दुसरं, हाताचं, माझ्या फोनवर घालून दे. उघाडीला जोडू नको. नुसतं माझ्यापुरतं." तिने घालून दिलं.

ती गेल्यावर मी ओटीवर बसून लिहिलं, "भरती लागली." तुझ्या वाचणाऱ्याने उत्तर दिलं, "मला माहीत हाय भरती लागली. तू काय करणार ते बोल."

मी नुसतं "फळी पाड" लिहिलं. "कधी? आत्ता? भर ओहोटीत?" डोक्यावरून पाणी जाण्याचंही होतं. तिथीचं आणि घड्याळाचं होतं, पाऊणपटीसकट. मी जिथे चुकले तिथे गोल करून शेजारी नीट ओळ लिहून दाखवत होतं ते. मास्तरांचं खरं मी तुला कधी सांगितलं नव्हतं, तरी तू तसंच केलं होतंस. मी आठ दिवस चुकीचं लिहीत बसले. प्रत्येक चुकीवर माझंच बोलणं मला परत मिळत होतं, तुझ्या हातून. ऐकायला फार गोड नाही ते. मी लोकांशी अशी बोलते हे मला माहीत नव्हतं. तू त्यातला एक शब्द मऊ केला नाहीस, याबद्दल मी तुझी आभारी आहे.

काल मी ते शेवटचं लिहिलं. भरती लागली तर फळी पाड. पाऊस जोरात असेल तर फळी उचल. आणि थांबले. मग एक ओळ आली: "हे आत्याला विचारायचंय."

फोन मांडीवर ठेवून मी बसून राहिले. समोरून दिगंबरची सून गेली, तिने विचारलं, आत्या, बरं वाटत न्हाय काय? मी म्हटलं, जा तुझ्या कामाला.

तर घे, लिहून घे. उशीर झालाय, मला माहीत आहे. त्या माणसाला असं सांग:

भरतीचं लिहिलंस, पावसाचं लिहिलंस. दोन्ही एकदम आलं तर? लोक अंगणात येऊन ओरडतील, फळी उचल म्हणतील. तुझ्या घरातलं माणूससुद्धा म्हणेल. ऐकू नको. गोडं पाणी साठलं तर भात चार दिवस पाण्यात उभं राहतं, खारं आत आलं तर तीन वर्षं जमीन उठत नाही. एकदा माझ्या सांगण्यावरून उचलली होती, ती चूक माझी होती, उचलणाऱ्याची नव्हती. आधी खाऱ्याला अडव. मग पावसाचं बघ. आता पुन्हा लिही.